कॅमेऱ्याचा कान कोठे असावा?

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातील गोष्ट. आमच्या शाळेतील नववीच्या पाच मुलामुलींना घेऊन मी भोर तालुक्यातील एका लहानशा गावी गेलो होतो. त्यांच्यापैकी एकीची पणजी तेथे राहत होती. वय ऐंशीच्या पुढे, पण आवाज खणखणीत. घरोघरी जाती होती त्या काळी पहाटे दळताना म्हटलेल्या ओव्या आजींच्या अजून तोंडपाठ होत्या. हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, हे मी मुलांना वर्गात सांगितले होते. त्यावरून मुलीला आपल्या पणजीची आठवण झाली आणि बेत ठरला, की आजींच्या ओव्यांचा व्हिडिओ घ्यायचा.

एका पालकांनी आपला व्हिडिओ कॅमेरा दिला. नव्या सिमेंटच्या खोलीत जाते मांडले. जाते आणि आजी दोन्ही चौकटीत मावावीत म्हणून कॅमेरा तीन मीटर दूर ठेवला. ऊन मी म्हणत होते, तेव्हा पंखा लावला. आजी तासभर गात होत्या. मुलांनी मोजल्या, चाळीस ओव्या झाल्या. आम्ही सगळे खूष!

घरी येऊन पाहतो तो चित्र अगदी झकास. आजींच्या हातावरचे गोंदण मोजून घ्यावे इतके स्पष्ट. पण आवाज? पंख्याची घरघर, शेजारच्या घरातील भांडी, पत्र्यावरचे कावळे, आणि या सगळ्यांच्या मागे कोठेतरी विहिरीच्या तळाशी बसून गात असल्यासारख्या आजी. पणतीने तो व्हिडिओ मोबाईलवर नेऊन आजींना दाखवला. त्या थोडा वेळ कान देऊन म्हणाल्या, "अगं, हा तर पंखाच गातोय की!"

विद्यार्थी मित्रांनो, आता प्रश्न असा, की त्या खोलीत आम्हीही बसलो होतो. आम्हाला ओव्या स्पष्ट ऐकू आल्या होत्या. मग कॅमेऱ्यालाच त्या का ऐकू आल्या नाहीत? कॅमेरा स्वस्त म्हणून? त्याचा मायक्रोफोन वाईट म्हणून? मलाही प्रथम तसेच वाटले, आणि मी दुकानात जाऊन महागातला महाग माईक आणण्याच्या विचारात होतो. तसे केले असते तर पैसे बहुधा पाण्यात गेले असते.

कान आणि माईक

आपल्याला दोन कान आहेत, आणि त्या दोहोंच्या मागे मेंदू आहे. उजव्या कानाला आणि डाव्या कानाला पोहोचणाऱ्या आवाजांत वेळेचा व तीव्रतेचा किंचित फरक असतो. त्यावरून मेंदू आवाजाची दिशा ओळखतो, हव्या त्या आवाजाकडे लक्ष देतो आणि बाकीचे जणू दाराबाहेर ठेवतो. लग्नघरात पन्नास माणसे बोलत असताना आपण शेजारच्या एकाशी निवांत बोलू शकतो, ते यामुळेच. कॉलिन चेरी या शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास केला होता. आम्ही त्या खोलीत बसून पंखा ऐकलाच नाही, तो आमच्या मेंदूने गाळून टाकला होता.

मायक्रोफोनला मेंदू नाही. त्याच्या पातळ पडद्यावर हवेचा जो दाब येईल तो सगळा तो इमानाने नोंदवतो. पंख्याचा दाब जास्त असेल तर पंखा जास्त नोंदवला जातो.

आणि पंख्याचा दाब जास्त होताच! पाठ्यपुस्तकातील व्यस्त वर्गाचा नियम आठवा. उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की ध्वनीची तीव्रता चौथाई होते, तिप्पट झाले की नवमांश. आजींचे तोंड कॅमेऱ्यापासून तीन मीटर म्हणजे ३०० सेंटिमीटर दूर होते. समजा, माईक त्यांच्या तोंडापासून एक वीत, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर अंतरावर असता, तर अंतर पंधरा पट कमी झाले असते. पंधराचा वर्ग २२५. म्हणजे आजींचा थेट आवाज माईकला २२५ पट तीव्र मिळाला असता. पंखा छताला होता. माईक जागचा हलवून तो पंख्यापासून फारसा जवळही गेला नसता वा लांबही. पंख्याचा आवाज तेवढाच आणि आजींचा २२५ पट! दुकानात कितीही पैसे मोजले तरी असा फायदा कोणी विकत देणार नाही.

येथे एक पुस्ती जोडली पाहिजे. व्यस्त वर्गाचा नियम मोकळ्या मैदानात बरोबर लागू पडतो. खोलीत भिंती असतात. आवाज त्यांवर आपटून परत येतो, पुन्हा आपटतो, आणि खोलीभर निनाद घुमत राहतो. हा निनाद खोलीत सगळीकडे जवळजवळ सारखाच असतो. उगमाच्या जवळ थेट आवाज वरचढ, तर दूर गेल्यावर निनाद वरचढ. सिमेंटच्या, रिकाम्या, गुळगुळीत भिंतींच्या लहान खोलीत ही सीमा मीटरभराच्या आतच येते. आमचा कॅमेरा तीन मीटरवर होता, म्हणजे निनादाच्या पूर्ण राज्यात. विहिरीच्या तळाशी बसल्याचा भास होतो तो यामुळे. गोधड्या, पोती, धान्याच्या कणग्या असलेल्या जुन्या घरात हा त्रास पुष्कळ कमी होतो, कारण मऊ वस्तू ध्वनी शोषून घेतात. आम्ही उजेडासाठी नेमकी चुकीची खोली निवडली होती.

भरीला आणखी एक गोष्ट. बहुतेक कॅमेऱ्यांत ध्वनीची पातळी आपोआप सांभाळणारे मंडल असते. आवाज मोठा झाला की ते वर्धन कमी करते, शांतता झाली की वाढवते. आजी श्वास घ्यायला थांबल्या की कॅमेऱ्याला वाटे, आवाज कमी झाला, वाढवा. आणि प्रत्येक ओवीच्या शेवटी पंखा उसळून वर येई. तुमच्या कॅमेऱ्यात ही सोय बंद करता येत असेल तर बंद करा व पातळी हाताने ठेवा.

माईकच्या आत काय असते?

आता एक गंमत सांगतो. व्हिडिओ कॅमेऱ्याच्या अंगात बसवलेला माईक आणि दुकानात सहाशे ते हजार रुपयांत मिळणारा, कपड्याला चिमट्याने अडकवायचा कॉलर माईक, हे बहुधा एकाच जातीचे असतात. त्या जातीचे नाव इलेक्ट्रेट मायक्रोफोन.

धारित्र तुम्हाला माहीत आहे: समोरासमोर ठेवलेल्या दोन पट्ट्या व त्यांवरील विद्युत्-भार. भार कायम ठेवून पट्ट्यांमधील अंतर बदलले तर विद्युत्-दाब बदलतो. एक पट्टी इतकी पातळ केली की ती आवाजाने थरथरू लागेल, तर आवाजाबरहुकूम विद्युत्-दाब कमीजास्त होईल. या तत्त्वावरचा मायक्रोफोन ई. सी. वेंट यांनी १९१६ मध्येच तयार केला होता. पण पट्ट्यांवर भार ठेवण्यासाठी त्याला बाहेरून मोठा विद्युत्-दाब द्यावा लागे. तो खर्चिक व अवजड होता, स्टुडिओत शोभणारा.

१९६२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट व गेरहार्ड सेसलर यांनी यावर उपाय काढला. टेफ्लॉनसारख्या प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यात विद्युत्-भार एकदाच भरून कायमचा कोंडून ठेवता येतो. चुंबक जसा आपले चुंबकत्व बाळगून असतो, तसा हा पापुद्रा आपला भार वर्षानुवर्षे बाळगतो. झाले! मोठ्या विद्युत्-दाबाची गरजच संपली. मागे एक छोटा ट्रान्झिस्टर, आणि त्याला चालवायला दोन-तीन व्होल्ट, इतके पुरते. हे दोन-तीन व्होल्ट बहुतेक कॅमेरे माईकच्या खोबणीतूनच देतात, नाहीतर माईकमध्ये बटणाएवढा सेल असतो. टेलिफोन, टेपरेकॉर्डर, कानाची यंत्रे अशा असंख्य वस्तूंत पुढे हा माईक बसला आणि तो वाटाण्याएवढा लहान व शेंगदाण्यांच्या भावात स्वस्त झाला.

मग आपण सहाशे रुपये देतो ते कशाचे? मुख्यतः वायरचे! कॉलर माईकला पाच-सहा मीटर लांब वायर असते. कॅमेरा हवा तेथे उभा राहू शकतो आणि त्याचा कान मात्र बोलणाऱ्याच्या छातीवर जाऊन बसतो. चित्रासाठी योग्य जागा आणि आवाजासाठी योग्य जागा या दोन वेगळ्या जागा आहेत. बाहेरचा माईक घ्यायचा तो यासाठी.

शाळेच्या लाऊडस्पीकरचा, हातात धरायचा माईक कॅमेऱ्याला लावला तर? मुलांनी हे विचारले होते. तो बहुधा वेगळ्या जातीचा असतो. त्यात पडद्याला चिकटवलेले तारेचे वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात हलते व फॅरडेच्या नियमानुसार त्यात विद्युत्-प्रवाह निर्माण होतो. माईक दणकट असतो, पण त्याचा संदेश कित्येक पट क्षीण असतो. तो ऐकू यावा म्हणून कॅमेऱ्याचे वर्धन वाढवावे लागते आणि त्याबरोबर कॅमेऱ्याच्या स्वतःच्या मंडलातील सूंऽऽ असा आवाजही वाढतो. गायक तो माईक ओठांशी धरतात म्हणून चालून जाते. आजींच्या हातात तो देणे बरे दिसले नसते, आणि जात्याचा खुंटा मग कोणी धरायचा?

बंदुकीच्या नळीचा मोह

दुकानात कॅमेऱ्यावर बसवायचे लांबट माईक मिळतात. त्यांना शॉटगन माईक म्हणतात. ते केसाळ टोपी घालून बसलेले असतात, दिसतात रुबाबदार, आणि दुकानदार सांगतो की समोरचेच ऐकतो, बाजूचे ऐकत नाही. हे अर्धसत्य आहे.

या माईकपुढे एक नळी असते व तिला कडेने चिरा पाडलेल्या असतात. समोरून येणारा आवाज नळीतून सरळ मागच्या पडद्यावर पोहोचतो. बाजूने येणारा आवाज मात्र वेगवेगळ्या चिरांतून शिरतो, त्याचे हिस्से वेगवेगळे अंतर कापून पडद्यापाशी येतात आणि एकमेकांस मारक ठरतात. तरंगांच्या व्यतिकरणाचा हा सुंदर उपयोग आहे. पण हे घडायला तरंगलांबी नळीच्या लांबीपेक्षा कमी हवी. नळी २० सेंटिमीटर असेल, आणि ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर हिशेब करा: सुमारे १७०० हर्ट्‌झच्या वरच्या आवाजांनाच ही नळी नीट गाळते. पंख्याची घरघर, मोटारींचा आवाज, पंपाचा आवाज यांतला मोठा भाग त्याच्या खूप खाली असतो. २०० हर्ट्‌झच्या आवाजाची तरंगलांबीच १.७ मीटर आहे! त्याच्या दृष्टीने ती वीतभर नळी असून नसल्यासारखी. मागे बसवलेल्या माईकची जी थोडीफार दिशा-निवड असेल तेवढीच कामी येते. बरे, लहान खोलीत भिंतींवरून परतणारे आवाज समोरूनही येतात, ते कोण अडवणार?

मोकळ्या जागेत, पक्ष्यांचे आवाज घ्यायला किंवा बोलणाऱ्याच्या डोक्यावर काठीने धरायला हा माईक उत्तम. पण कॅमेऱ्यावर बसवून तीन मीटर दूर ठेवला तर तो तीन मीटर दूरच राहतो. माझे मत विचाराल तर पहिली खरेदी याची करू नये.

बिनतारी माईकही आता स्वस्त झाले आहेत. चालत-फिरत बोलणाऱ्यासाठी ते सोयीचे खरे, पण दोन बॅटऱ्या सांभाळाव्या लागतात आणि मध्ये माणसे आली की संदेश तुटू शकतो. जागेवर बसून गाणाऱ्या माणसाला वायर काय वाईट?

काळ्या कड्या मोजा

आता एक क्षुल्लक वाटणारी पण पैसे वाया घालवणारी गोष्ट. माईकच्या वायरीच्या टोकाला ३.५ मिलिमीटर जाडीची पिन असते. ती नीट पाहा. तिच्यावर बारीक काळ्या कड्या दिसतील. दोन कड्या असतील तर पिनेचे तीन भाग झाले: डावा, उजवा आणि भूसंपर्क. ही पिन कॅमेऱ्याची. तीन कड्या असतील तर चार भाग झाले, आणि चौथा भाग माईकचा. ही पिन मोबाईलची. मोबाईलची पिन कॅमेऱ्यात तंतोतंत बसते, पण विद्युत्-जोडणी जुळत नाही, आणि मग आवाजच येत नाही किंवा नुसती गुणगुण येते. एका विद्यार्थ्याने 'माईक बिघडलेला निघाला' म्हणून तो परत केला, दुसरा आणला, तोही 'बिघडलेला' निघाला! बिघाड कड्यांत होता. काही कॉलर माईकांवर कॅमेरा व मोबाईल असा खटका असतो. तसा नसेल तर जोडणी बदलून देणारा छोटा तुकडा थोडक्या पैशांत मिळतो.

त्याहूनही आधी पाहायचे ते हे, की आपल्या कॅमेऱ्याला माईकची खोबण आहे की नाही. काही कॅमेऱ्यांना फक्त हेडफोनची खोबण असते. दिसायला दोन्ही सारख्या, पण एक आवाज आत घेते, दुसरी बाहेर देते. शेजारचे चित्र पाहून खात्री करा.

खोबणच नसेल तर? किंवा माईकसाठी पैसेच नसतील तर? तर हा भाग लक्षपूर्वक वाचा. घरात एखादा मोबाईल असतोच. त्यात ध्वनिमुद्रणाची सोय असते. तो गाणाऱ्याच्या जवळ, चौकटीच्या जरा बाहेर, उशीवर ठेवा. इयरफोनची वायर असेल तर तिच्यावरचा माईक पदराखाली अडकवून मोबाईल कनवटीला ठेवला तरी चालेल. चित्र कॅमेरा घेईल, आवाज मोबाईल घेईल. दोन्ही सुरू झाल्यावर कॅमेऱ्यासमोर एक खणखणीत टाळी वाजवा. नंतर संगणकावर चित्रातील तळवे जुळण्याचा क्षण आणि ध्वनीतील टाळीचा टोकदार उंचवटा एकमेकांवर आणून ठेवले की झाले. सिनेमावाले पाटी आपटतात ती यासाठीच. सेकंदाला २५ चित्रे असतील तर एका चित्राला सेकंदाचा पंचविसावा भाग मिळतो, आणि तेवढ्यात ध्वनी सुमारे साडेतेरा मीटर जातो. म्हणजे तीन-चार मीटरच्या अंतराने होणारा उशीर डोळ्याला कळतही नाही. शेवटी आणखी एक टाळी वाजवावी, कारण दोन यंत्रांतील घड्याळे अगदी एकसारखी चालत नाहीत. तासाभरात थोडा फरक पडू शकतो.

विकत घेण्यापूर्वी वर्गात एक प्रयोग करा. मोबाईल बाकावर ठेवून मुद्रण चालू करा. एकाने पाठ्यपुस्तकातील एकच परिच्छेद प्रथम २५ सेंटिमीटरवरून, मग ५० सेंटिमीटर, १ मीटर, २ मीटर व ४ मीटरवरून सारख्याच आवाजात वाचावा. पंखा चालू ठेवा. मग तोच प्रयोग मैदानावर करा. पहिल्या प्रयोगात १ मीटरच्या पुढे आवाज फारसा कमी झालेला जाणवणार नाही, पण तो घुमू लागेल. मैदानावर तो घुमणार नाही, नुसता विरत जाईल. मैदानावर वारा असेल तर फडफड ऐकू येईल. माईकवर स्पंजची टोपी किंवा पायमोजा चढवून फरक पाहा.

संगणकावर आवाज साफ करता येत नाही का, असे अनेकजण विचारतात. आम्ही ते करून पाहिले. हल्लीचे कार्यक्रम खरोखरच चलाख आहेत. पंखा नाहीसा झाला, पण त्याबरोबर आजींचे 'स', 'ह' आणि 'ख' हेही गेले. ही व्यंजने म्हणजे हवेचीच सळसळ, आणि पंखाही हवेचीच सळसळ. दोहोंची सरमिसळ एकदा झाली की यंत्राला अंदाजच करावा लागतो.

दिवाळीच्या सुटीत आम्ही पुन्हा गेलो. या वेळी साडेसातशे रुपयांचा कॉलर माईक बरोबर होता. खोली जुनी निवडली, पंखा बंद केला, शेजारच्या वहिनींना सांगून भांडी घासणे तासभर पुढे ढकलले. माईक हनुवटीच्या खाली एक वीत, पदराच्या काठाला लावला. पहिल्या मिनिटाचे मुद्रण इयरफोनने ऐकले आणि बरे झाले ऐकले, कारण प्रत्येक श्वासाला गळ्यातले काळे मणी माईकवर आपटत होते. मणी आत सरकवले, माईक दोन बोटे बाजूला घेतला. बांगड्यांचा किणकिणाट मात्र राहू दिला. जात्यावर बसलेल्या बाईच्या हातात बांगड्या वाजायच्याच.

पण पावसाळ्यात आजींना मोठे दुखणे येऊन गेले होते. आवाज बारीक झाला होता आणि ओवी अर्ध्यावर आली की त्या थांबत व पणतीकडे पाहत. त्या दिवशी अकरा ओव्या पूर्ण झाल्या. त्या अगदी स्वच्छ आल्या आहेत, श्वासासकट. उरलेल्या एकोणतीस केवळ मे महिन्याच्या त्या मुद्रणात आहेत. मुले शनिवारी शाळा सुटल्यावर कानाला हेडफोन लावून, वही घेऊन बसतात. एक ऐकतो, दुसरा लिहितो, तिसरा पुन्हा मागे नेतो. वीस ओव्यांचे शब्द लागले. नऊ ओव्यांत पंख्याच्या मागे काय आहे, ते अजून कळलेले नाही.